चादर उचलून बघा

आईला किंवा वडिलांना शुश्रूषा केंद्रात ठेवलं असेल, तर पुढच्या भेटीत त्यांच्या अंगावरची चादर उचलून बघा. पाठ बघा, माकडहाड बघा, टाचा बघा. मी परिचारिका आहे. सगळी नोकरी वॉर्डात झाली आणि निवृत्तीनंतर पुण्यात कोथरूड, सिंहगड रस्ता या भागांत ड्रेसिंग करायला घरोघरी आणि वृद्धाश्रमांत जाते. हेळसांड आधी कुठे दिसते, ते या कामाने मला शिकवलं आहे.

एका केंद्रातल्या आजींचा मुलगा परदेशात असतो. रोज व्हिडिओ कॉल करायचा. कॉलच्या आधी मावशी आजींचे केस विंचरायच्या, पावडर-टिकली लावायच्या, पाठीला उशा देऊन बसवायच्या. मुलाला दिसायचा तो हसरा चेहरा. माकडहाडावरची जखम मी पहिल्यांदा बघितली तेव्हा आत हाड दिसत होतं. त्या मुलाचं प्रेम खोटं नव्हतं. फोनमध्ये पाठ दिसत नाही, एवढंच.

अशी जखम एका रात्रीत होत नाही. आधी लालसर डाग येतो. बोटाने दाबून सोडल्यावरही लाली फिकी होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते. सावळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही. तिथे हात फिरवावा, जागा गरम किंवा टणक लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. फार खंगलेल्या रुग्णाला चांगल्या देखभालीतही जखम होऊ शकते. पण तेव्हा तिची फाइलमध्ये नोंद असते, ड्रेसिंग चालू असतं आणि घरी कळवलेलं असतं. लपवलेल्या जखमेबद्दल मात्र जाब विचारलाच पाहिजे.

जीभ बघा. ती कोरडी पडली असेल आणि पिशवीतली लघवी गडद असेल, तर पाणी कमी पडतंय. रात्री डायपर बदलावा लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणारी ठिकाणं मी पाहिली आहेत. दर महिन्याला वजन विचारा. पन्नास किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. कवळी कुठे आहे, तेही विचारा; ती कपाटात पडून असेल तर समोर आलेली पोळी तशीच परत जाते. मनगटाभोवती करकोचा असेल, तर हात पलंगाला बांधला होता का, हा प्रश्न स्पष्ट विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या धक्क्यानेही काळंनिळं होतं, हे खरं. पण दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे वळ असतील, तर ‘पडल्या’ या उत्तरावर थांबू नका. दिवसभर गुंगीत असतील, तर कोणती गोळी, कुणी लिहून दिली, कधीपासून, हे विचारा. आणि साध्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी आई दाराकडे बघत असेल, तर तिच्याशी एकटीशी बोला.

हे सगळं दिसल्यावर समोरच्या मावशींवर ओरडून काही होत नाही. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून जागतिक आरोग्य संघटना सांगते, की संस्थांमधल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात ज्येष्ठांशी गैरवर्तन केल्याचं स्वतःच मान्य केलं. एवढी सगळी माणसं दुष्ट नसतात. बारा तासांची पाळी, प्रशिक्षण नाही आणि रात्री अख्ख्या मजल्याला एकच बाई, अशा ठिकाणी कूस कोण बदलणार? म्हणून केंद्र निवडताना बाग आणि टीव्ही बघण्याआधी विचारा: रात्री किती रुग्णांमागे किती जण असतात? उत्तर लेखी घ्या.

पण सगळा भार नातेवाइकांवर टाकणं मला मान्य नाही. ज्येष्ठांसाठीचा 2007चा कायदा आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतो. पैसे घेऊन सांभाळणाऱ्या केंद्रांना नोंदणी आणि किमान निकष लावणारं सुधारणा विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. राज्य सरकारने केंद्र सरकारकडे बोट न दाखवता राज्यात प्रत्येक शुश्रूषा केंद्राची नोंदणी, रुग्णांच्या संख्येनुसार रात्रीचे कर्मचारी आणि न कळवता होणारी तपासणी सक्तीची करावी. तपासायला येणाऱ्या पथकात परिचारिका हवी, कारण कागद नीट असले तरी चादर उचलायला कुणीतरी लागतं.

‘तक्रार केली तर आईला घेऊन जा म्हणतील, मग ठेवायचं कुठे?’ ही भीती मला घरोघरी ऐकू येते. ती खरी आहे. म्हणून एकट्याने बोलू नका. तिथल्या इतर रुग्णांच्या नातेवाइकांचे नंबर घ्या, एकत्र लेखी तक्रार द्या. जखमेचा फोटो तारखेसह ठेवा. वेळा बदलून जा, कधी जेवणाच्या वेळी, कधी रात्री आठला. दाद मिळाली नाही तर ज्येष्ठांसाठीच्या 14567 या हेल्पलाइनला फोन करा. जीव धोक्यात वाटला तर आधी रुग्णालय गाठा, बाकीची भांडणं नंतर. आणि शेजारच्या पलंगावरच्या आजोबांना भेटायला कुणीच येत नसेल, तर त्यांना विचारून त्यांच्याही टाचा बघा.