खेचर हवंय की वस्तरा?

स्पष्टच लिहितो. कुणाला राग आला तर येऊ दे.

इथे अमेरिकेत माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी अलीकडे जमीन घेतलीय. शहरापासून तासा-दीड तासावर पाच एकर, दहा एकर, एखादा धाडसी असेल तर वीस. छानच केलं. दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाने शनिवार-रविवारी हातात फावडं धरलं तर त्यात वाईट काय? पण कागदांवर सह्या होऊन महिना उलटत नाही तोच पुढची खरेदी ठरलेली असते आणि माझं भांडण आहे ते तिच्याशी. ती म्हणजे साइड-बाय-साइड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार चाकं, गाडीसारखं स्टिअरिंग, शेजारी-शेजारी दोन किंवा तीन सीट, वर लोखंडी पिंजरा आणि मागे माल टाकायला कलती होणारी छोटी ट्रॉली. शेतावर, फार्मवर, जंगलवाटेवर चालवायचं यंत्र. मूळ कल्पना झकास. छोट्या जमिनीवर याच्याइतकं उपयोगी दुसरं वाहन क्वचितच असेल. म्हणजे माझं भांडण यंत्राशी नाहीच, आपण ते ज्या पद्धतीने निवडतो तिच्याशी आहे.

आधी जरा नावं बघा, गंमत आहे. कावासाकीने १९८८ मध्ये जे यंत्र आणलं त्याचं नाव म्यूल, म्हणजे खेचर. जॉन डीअरचा गेटर १९९२ चा. २००३ मध्ये यामाहाने ऱ्हायनो आणला, म्हणजे गेंडा. आणि २००७ मध्ये पोलॅरिसने आणला तो आरझेडआर, उच्चारायचा ‘रेझर’. म्हणजे वस्तरा! वीस वर्षांत आपण ओझ्याच्या जनावरापासून धारदार पात्यापर्यंत आलो. खेचरं आजही मिळतात, बाजारातून गेलेली नाहीत. पण शोरूममध्ये गेलेल्या आयटीवाल्याची नजर वस्तऱ्यावरच जाते, आणि खेचर घेतलंच तर त्यातही तो वस्तऱ्याचे गुण शोधतो. पहिला प्रश्न: हॉर्सपॉवर किती? दुसरा: टॉप स्पीड किती?

मंडळी, रिक्वायरमेंट न लिहिता सगळ्यात मोठा सर्व्हर घेऊन टाकणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये हसतो ना? मग हे काय चाललंय?

हिशेब करू. दहा एकरांचा चौकोनी तुकडा घ्या. त्याची एक बाजू बरोबर ६६० फूट भरते. ताशी २५ मैलांनी हे अंतर १८ सेकंदांत कापलं जातं. ताशी ६० मैलांनी साडेसात सेकंदांत. म्हणजे ज्या वेगासाठी तुम्ही हजारो डॉलर जास्त मोजणार, त्याने एका फेरीत वाचतात साडेदहा सेकंद. तेही कुंपणाला धडकेपर्यंत ब्रेक न लावल्यास. :-) आणि ताशी ६० ला गाडीत साठलेली ऊर्जा ताशी २५ च्या पावणेसहा पट असते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, आपण सगळे त्यात चांगले मार्क मिळवूनच इथवर आलोय.

“अरे पण ओझं ओढायला पॉवर लागते!” हा पुढचा युक्तिवाद. तोही तपासू. पोलॅरिसच्या रेंजर मालिकेत साधं रेंजर १००० हे ६१ हॉर्सपॉवरचं आणि एक्सपी १००० हे ८२ चं. दोन्हींच्या मागच्या ट्रॉलीची क्षमता १००० पौंड, म्हणजे साधारण ४५० किलो. दोन्हींची ओढण्याची क्षमता २५०० पौंड. एकवीस घोडे जादा, ओझं तेवढंच! आता कुबोटाचं डिझेलवालं आरटीव्ही-एक्स ११०० सी घ्या. पंचवीस हॉर्सपॉवरसुद्धा पूर्ण भरत नाही, वेग ताशी ३० मैलांच्या आत. ट्रॉलीत किती घेतं? ११०० पौंड. ओढायला ते रेंजरपेक्षा कमी आहे हे खरं, १३०० पौंडच. पण ट्रॉलीतलं ओझं वाहायला ८२ घोडे लागत नाहीत एवढं तर सिद्ध होतंच. ओझं ठरतं ते चॅसिस, सस्पेन्शन, ब्रेक आणि गिअरिंगवर. इंजिनाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, कारण तो विकला जातो.

इथपर्यंत प्रश्न फक्त पैशांचा होता. तुमचे पैसे, तुमची मर्जी. पण यापुढचा मुद्दा तसा नाही, म्हणून तर हा लेख.

आपल्या लोकांत सहा सीटवालं क्रू मॉडेल फार आवडीचं. कारण विचारलं की उत्तर एकच: “मुलांना फिरवता येतं.” कुणाकडे गणपतीला किंवा दिवाळीला पंधरा-वीस माणसं जमली की जेवणं झाल्यावर पोरांची रांग लागते. “काका, मला! काका, आता माझा नंबर!” काका खुशीत. पट्टा कुणाला बसत नाही, कुणाला सापडत नाही. दोन पोरं सीटवर मावली नाहीत म्हणून मागे ट्रॉलीत.

आता त्याच यंत्राचं मॅन्युअल उघडा. रेंजरसारख्या मोठ्या यंत्रांसाठी पोलॅरिस स्वतः सांगते की चालक किमान १६ वर्षांचा आणि लायसन्सवाला हवा आणि प्रवासी किमान १२ वर्षांचा. शिवाय नुसतं वय पुरत नाही, सीटला पाठ टेकून बसल्यावर पाय जमिनीवर सपाट टेकले पाहिजेत आणि हाताने दांडा धरता आला पाहिजे. ट्रॉलीत माणूस बसवायचाच नाही. म्हणजे ज्या सहा-सात वर्षांच्या पोरांसाठी तुम्ही मागच्या तीन सीटचे पैसे मोजले, नेमकी तीच पोरं तिथे बसायची नाहीत. हे तुम्हाला विक्रेता सांगणार नाही. सांगितलं तर क्रू मॉडेल कसं खपेल?

“आम्ही गावाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून जत्रेला जायचो, काय झालं आम्हाला?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय! ज्यांना झालं ते हे वाक्य बोलायला आलेले नाहीत, इतकंच. आपल्या क्षेत्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात आणि त्यावर आपण इंटरव्ह्यूमध्ये प्रश्न विचारतो.

ऱ्हायनोचीच गोष्ट घ्या. २००९ च्या मार्चअखेरीस अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने आणि यामाहाने त्याच्या ४५०, ६६० आणि ७०० मॉडेलांसाठी मोफत दुरुस्तीचा कार्यक्रम जाहीर केला. तोवर आयोगाने पन्नासहून जास्त घटना तपासल्या होत्या. त्यांत ४६ चालक आणि प्रवासी मेले होते. दोन तृतीयांशांहून जास्त घटना गाडी उलटण्याच्या, आणि त्यातल्या कित्येकांनी पट्टा लावलेला नव्हता. अंगावर काटा आणणारा भाग पुढेच आहे. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे यातले बरेच अपघात सपाट जमिनीवर, तुलनेने कमी वेगात वळताना झालेले दिसत होते. डोंगर नाही, शर्यत नाही. आणि उपाय काय केला? मागच्या चाकांना ५० मिलिमीटरचे स्पेसर लावून गाडी रुंद केली आणि मागचा अँटी-स्वे बार काढला. म्हणजे प्रश्न भूमितीचा होता. उंच आणि अरुंद वस्तू वळताना कलंडते, ती कितीही स्मार्ट असली तरी.

त्यानंतर यंत्रं सुधारली हे मान्य. आज अनेक मॉडेलांत चालकाने पट्टा लावला नाही तर वेग ताशी १५ मैलांवर अडतो. मग आपली हुशार जनता काय करते? खाचेत अडकवायची नकली क्लिप ऑनलाइन मागवते. युनिट टेस्ट फेल होतेय ना, मग टेस्टच कॉमेंट करून टाका! पिंजरा तुम्हाला वाचवतो तो तुम्ही त्याच्या आत असलात तरच. पट्टा नसेल तर गाडी उलटताना माणूस अर्धा बाहेर पडतो आणि तोच पिंजरा त्याच्यावर येतो. तिथे रोलबॅक नाही.

आता दुसरी बाजू. जास्त पॉवरचं समर्थन कधीच होत नाही का? होतं. कोलोरॅडोत आठ हजार फुटांवर जमीन असेल तर विरळ हवेत साधं इंजिन जवळजवळ पाव ताकद गमावतं, तिथे मोठं घ्या. हजारो एकरांचं रँच असेल, रोज मैलोन्‌मैल कुंपण तपासायचं असेल, तर वेगालाही अर्थ आहे. पण दहा एकर, एक शेड, चार शेळ्या आणि वीस फळझाडं एवढ्या प्रपंचाला हे दोन्ही लागू नाही. आणि चढ-उताराची जमीन असली तरी हवा असतो लो गिअर, फोर-व्हील ड्राइव्ह आणि उतारावर इंजिन ब्रेकिंग. टॉप स्पीड नव्हे.

मग निवडायचं कसं? ब्रोशर बंद करा, वही घ्या. चार वीकेंड नुसतं लिहा: काय वाहिलं, किती वजनाचं, कुठून कुठे.

पाणी असेल तर गॅलनला ८.३४ पौंड धरा. शंभर गॅलनची टाकी ८३४ पौंडांची, म्हणजे हजार पौंडांची ट्रॉली जवळजवळ संपली. शिवाय अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळते आणि उलटायला मदत करते. खडी असेल तर एक घनयार्ड साधारण सव्वा टनाची, म्हणजे किमान तीन खेपा. वहीत खडी, माती, बर्फ आणि गवतकापणीच जास्त येत असेल तर तुम्हाला साइड-बाय-साइड नकोच, समोर लोडर असलेला छोटा ट्रॅक्टर हवाय. आणि गाडीची एकूण भारक्षमता बघताना लक्षात ठेवा, तीत तुम्ही, शेजारी बसलेला मित्र, काचेची केबिन, हीटर, विंच सगळं मोजलं जातं. जेवढी ॲक्सेसरी लावाल तेवढं ओझं कमी.

मग ट्रान्समिशन. बहुतेक यंत्रांत रबरी बेल्टचं सीव्हीटी असतं. ओझं ओढताना लो गिअर न टाकता हायमध्ये हळूहळू रखडवलं की बेल्ट तापून जळतो, आणि मग लोक कंपनीला शिव्या घालतात. ही सवय लागणार नसेल तर बेल्ट नसलेली यंत्रं बघा. होंडाच्या पायोनिअर १००० मध्ये गिअरवालं ड्युअल क्लच आहे, कुबोटाच्या त्या आरटीव्हीत हायड्रोस्टॅटिक. मग फाटकाची आणि शेडच्या दाराची रुंदी मोजा. फुल-साइज यंत्रं पाच फुटांच्या वर रुंद असतात. आणि सर्व्हिस कुठे होते ते बघा. ही यंत्रं सहसा सार्वजनिक रस्त्यासाठी बनवलेली नसतात, नियम राज्यागणिक बदलतात. म्हणजे दुरुस्तीला न्यायचं तर ट्रेलर हवा आणि तो ओढायला ट्रक. वीस मैलांवरचा साधा डीलर ऐंशी मैलांवरच्या चकचकीत शोरूमपेक्षा केव्हाही बरा.

जाता जाता एक पर्याय: जपानी केई ट्रक. ६६० सीसीचं इंजिन, ३५० किलो माल, बंद केबिन. पंचवीस वर्षांहून जुने ट्रक इथे आयात करता येतात, रस्त्यावर चालवायची परवानगी मात्र तुमच्या राज्यात आहे का ते आधी तपासा. सुझुकी कॅरी नावाचा ट्रक बघितला की ओळखीचा वाटेल. आपली मारुती व्हॅन, नंतरची ओम्नी, त्याच कॅरीच्या घरातली. त्या डब्याने भारतात काय काय वाहिलं ते मी सांगायला नको!

असो. यातलं काहीच करायचं नसेल तर निदान तीन गोष्टी करा. नकली क्लिप फेकून द्या. ट्रॉलीत माणूस बसवू नका. आणि पुढच्या दिवाळीला पोरांची रांग लागली की ज्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत त्याला नाही म्हणा. थोडं रडेल. त्याला फावडं द्या आणि खड्डा खणायला लावा, दहा मिनिटांत विसरेल.