चेहऱ्यावरचे डाग आणि घाईचा बाजार

औषधाच्या दुकानात जेथे पूर्वी खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या असत, तेथे आता चपटी, रंगीत पाकिटे टांगलेली दिसतात. त्यांत वाटाण्याएवढ्या, पारदर्शक, चिकट चकत्या असतात. मुरूम येऊन गेल्यावर मागे राहणाऱ्या काळपट डागावर ही चकती रात्री लावावी, सकाळी काढावी, म्हणजे डाग ‘उजळतो’, असे पाकीट सांगते. ‘ब्रायटनिंग पॅच’ हे तिचे नाव. ती घेणारा वर्ग बहुतांशी कॉलेजात जाणारा, नुकताच नोकरीला लागलेला किंवा मुलाखतीच्या तारखेची वाट पाहणारा आहे.

हा विषय गंभीर चर्चेच्या योग्यतेचा नाही, असे काहींना वाटणे शक्य आहे. देशापुढे अन्य प्रश्न थोडे नाहीत. तथापि, सतरा-अठरा वर्षांची मुलगी वर्गात शेवटच्या बाकावर सरकते, मुलगा ओळखपत्राचा फोटो काढून घेण्याचे टाळतो, आणि याचे कारण कोणी विचारत नाही, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही. या वयातील संकोचाला मोठ्यांनी हसून बाजूला सारले की तो नाहीसा होत नाही. तो दुकानात जातो. तेथे त्याला काय मिळते, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

प्रथम डाग म्हणजे काय, ते समजून घ्यावे. मुरूम ही त्वचेतील एक छोटी दाहक्रिया असते. त्या दाहात जी रसायने निर्माण होतात, ती त्वचेतील रंगपेशींना चेतवतात. या पेशी मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य अधिक प्रमाणात तयार करून शेजारच्या पेशींच्या हवाली करतात. मुरूम बसतो, पण हे वाढीव रंगद्रव्य मागे उरते. गोऱ्या आणि काळ्या माणसांतील रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो रंगद्रव्याच्या कणांच्या आकारात, प्रमाणात आणि वाटपात. भारतीय त्वचेत हे कार्य अधिक तत्परतेने चालते, म्हणून आपल्याकडे मुरूम गेल्याचे दु:ख कमी आणि डाग राहिल्याचे अधिक. डाग म्हणजे मळ नव्हे, रोग नव्हे, पोट साफ नसल्याची खूणही नव्हे. त्वचा बरी होत असताना तिने मागे ठेवलेली ती नोंद आहे.

त्वचेचा वरचा थर सुमारे महिन्याभराने नवा होत असतो. रंगद्रव्य या वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत, क्वचित वर्षभरात, आपोआप फिका होत जातो. ते खालच्या थरात झिरपले असेल तर डाग करडा-निळसर दिसतो आणि तो जाण्यास वर्षेही लागतात. मुरुमाने खड्डाच पाडला असेल, तर तो डाग नव्हेच, तो व्रण. कोणतेही उजळवणारे द्रव्य खड्डा भरून काढीत नाही. हे तीन प्रकार वेगळे आहेत, आणि पाकिटावर मात्र तिघांसाठी एकच चकती आहे.

आता चकतीकडे वळावे. तिचे मूळ अप्रतिष्ठित नाही. जखम उघडी ठेवून वाळवावी, असे पूर्वी मानले जाई. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून दाखविले की ओलसर झाकलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरते. त्यानंतरच्या दशकांत ओलावा धरून ठेवणाऱ्या, स्राव शोषून घेणाऱ्या ‘हायड्रोकोलॉइड’ पट्ट्या रुग्णालयांत आल्या. त्याच पट्टीचा बारीक तुकडा म्हणजे मुरुमावरची साधी चकती. पिकलेल्या, फुटलेल्या मुरुमातील द्रव ती शोषते आणि स्वत: पांढरी पडते. तिचा याहून मोठा उपयोग असा की ती नखाला अडवते. मुरूम फोडण्याची, खपली काढण्याची सवय ही गडद डागांची एक मोठी जननी आहे. अभ्यास करता करता एक हात पुस्तकावर आणि दुसरा हनुवटीवर, हे दृश्य प्रत्येक घरात आहे. त्या हातापुढे चकतीचा पहारा बसतो, हे तिचे खरे श्रेय. आणि ते तिला मोकळेपणाने दिले पाहिजे.

परंतु हे श्रेय मुरूम जिवंत असतानाचे आहे. तो बसून डाग उरला की तेथे शोषण्यासारखे काहीच नसते. म्हणून ‘उजळवणाऱ्या’ चकतीत अन्य द्रव्ये घालतात: नायसिनामाइड, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, क जीवनसत्त्व, आर्ब्युटिन. काही चकत्यांवर त्वचेत विरघळणारे सूक्ष्म काटेही असतात. ही द्रव्ये निव्वळ थापेबाजी नव्हेत. नायसिनामाइड रंगपेशींकडून शेजारच्या पेशींकडे होणारी रंगद्रव्याची पाठवणी मंदावते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा शोध 1962 मध्ये उताको ओकामोतो या जपानी डॉक्टर स्त्रीने पतीसह लावला, तो रक्तस्राव थांबवण्यासाठी. बाळंतिणीचे प्राण वाचावेत, ही तिची तळमळ होती. चेहऱ्यावरील वांगावर त्याचा उपयोग होतो, हे पुढे ध्यानात आले. झाकलेल्या त्वचेत द्रव्य अधिक मुरते, हेही खरे. मात्र या द्रव्यांचा परिणाम सौम्य आणि सावकाश असतो. तो आठवड्यांत आणि महिन्यांत मोजावा लागतो. एका रात्रीत सकाळी जे ‘उजळलेले’ दिसते, ते बहुधा रात्रभर झाकल्यामुळे ओलसर आणि फुगलेली त्वचा असते. दुपारपर्यंत ती पूर्ववत होते.

येथेच या व्यापाराची खरी मेख आहे. जो डाग काही महिन्यांत आपोआप जाणारच आहे, त्यावर काहीही लावले तरी शेवटी ते लावणाऱ्याला यश येते. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी दोन छायाचित्रे शेजारी छापणे सोपे; मधल्या काळाचे श्रेय काळाला द्यायचे की चकतीला, हे छायाचित्र सांगत नाही. त्यासाठी तुलना हवी. विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना यात एक चांगला पाठ सापडेल. दोन सारख्या डागांपैकी एकावर चकती लावावी, दुसरा मोकळा ठेवावा, दोन्हींचे उन्हापासून सारखेच रक्षण करावे, आणि एकाच ठिकाणी, एकाच उजेडात दर पंधरवड्याला फोटो घ्यावा. दोन महिन्यांनंतर कोणता डाग कोणता, हे तिसऱ्याला ओळखता आले नाही, तर पाकिटाचे पैसे कोठे गेले ते कळते. विद्यार्थी एवढे शिकला, तर पुढे त्याला केसांचे तेल, स्मरणशक्तीची गोळी आणि उंची वाढविणारी भुकटी विकणे बरेच कठीण जाईल.

घरगुती उपायांनीही फार शहाजोग होऊ नये. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेले, तर लिंबाच्या रसातील द्रव्ये आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगाने त्वचा पोळते आणि नवे काळे डाग उमटतात. त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार सुपरिचित आहे. मुरुमावर टूथपेस्ट थापण्याची रीतही अशीच. आजीच्या बटव्यातले सगळेच सोने नसते. उलट, दुचाकीवरून जाताना पुण्या-नाशकातील मुली चेहऱ्याभोवती जो स्कार्फ घट्ट गुंडाळतात, आणि ज्याची टिंगल वर्षानुवर्षे झाली, तो दाट विणीचा असेल तर डागांच्या दृष्टीने अनेक पाकिटांहून गुणकारी ठरावा. कारण डाग गडद करणारा आणि टिकवणारा प्रमुख घटक प्रकाश आहे. सावळ्या त्वचेवर केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही हे काम करतो.

मग ‘उजळ’ हा शब्द आला कोठून? 1975 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे ‘गोरेपणा’ उघड शब्दांत विकला गेला. विवाहविषयक जाहिरातींतून ‘गोरी’, ‘निमगोरी’, ‘गव्हाळ’ अशी वर्णाची प्रतवारी मराठी समाजाने स्वत:च छापून ठेवली होती. कंपनीने फक्त तिला किंमत लावली. सावळ्या विठ्ठलासाठी पंढरीची वाट चालणाऱ्या घरात सून मात्र उजळ हवी असते, ही विसंगती कोणाला फारशी टोचली नाही. 2020 मध्ये वर्णभेदाविरुद्ध जगभर रोष उसळला, तेव्हा त्या क्रीमचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. अन्य बड्या कंपन्यांनीही ‘गोरे’, ‘शुभ्र’ हे शब्द गाळण्याचे जाहीर केले. शब्द गेला, इच्छा राहिली. तिला ‘ग्लो’, ‘ब्रायटनिंग’ अशी नवी वस्त्रे मिळाली. त्या क्रीममध्ये जे ब-३ जीवनसत्त्व होते, त्याच कुळातील नायसिनामाइड आज चकतीत आहे. डाग त्वचेच्या मूळ रंगाला यावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण मूळ रंगच डाग मानायचा, ही दुसरी गोष्ट झाली, आणि ‘उजळ’ या शब्दाच्या आडोशाला दोन्ही एकत्र नांदतात.

एवढ्यावर थांबले असते, तर चकतीला माफ करून पुढे जाता आले असते. ती महाग आहे, पण फारशी घातक नाही. संवेदनशील त्वचेवर चिकटद्रव्याने खाज आणि लाली येते, व त्यातून नवा डाग पडतो, इतकेच. खरी चिंता आहे ती चकतीने काम झाले नाही की पुढे उचलल्या जाणाऱ्या पावलाची. आठवडाभरात संपणाऱ्या पाकिटाला कंटाळलेल्या मुलाला कोणीतरी एक ट्यूब सुचवते. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड ही तीन औषधे एकत्र असतात. या त्रयीचे सूत्र अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1975 मध्येच, म्हणजे ते गोरेपणाचे क्रीम आले त्याच वर्षी, प्रसिद्ध केले. डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजक्या आठवड्यांसाठी ते उपयुक्त औषध आहे. आपल्याकडे ते पावडर-क्रीमसारखे महिनोन् महिने लावले गेले. आरंभी चेहरा विलक्षण स्वच्छ दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नको तेथे लव वाढते, आणि ज्या मुरुमांपासून हे सारे सुरू झाले ते दुप्पट जोमाने येतात. ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते.

ही कल्पित भीती नाही. देशभरातील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे सातांमागे एक, चेहऱ्याला स्टिरॉइड लावीत होते. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइडांच्या मलमांना असलेली सवलत काढून ती चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. नियम कागदावर चोख आहे. काउंटरवर चिठ्ठी मागणारा दुकानदार मात्र अजून शोधावा लागतो.

त्याहून वाईट म्हणजे बिननावाची, पत्ता नसलेली, ब्युटी पार्लरमधून किंवा टपालाने येणारी पाऱ्याची क्रीमे. पारा मेलॅनिनची निर्मिती रोखतो, म्हणून ती झपाट्याने ‘काम’ करतात, आणि तो शरीरात जाऊन मूत्रपिंडे बिघडवतो. 2023 मध्ये अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडविकाराचा माग अशा क्रीमपर्यंत पोहोचला. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात 2021 ते 2023 या काळात डॉक्टरांनी एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराचे 22 रुग्ण तपासले; त्यांपैकी 15 जणांत एकाच दुर्मिळ प्रकारची खूण सापडली, आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीमे वापरीत होते. चेहऱ्यावरचा एक डाग घालवायला निघालेल्या माणसाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागावीत, याहून क्रूर थट्टा ती कोणती?

चकत्यांवर बंदी घाला, अशी मागणी करणे सोपे आहे आणि निरर्थकही. मागणी करायची ती वेगळी. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार घटकांची यादी छापावी लागते, परंतु कोणता घटक किती टक्के आहे, हे सांगण्याचे बंधन नाही. एक टक्क्याहून कमी असलेले घटक तर कोणत्याही क्रमाने छापता येतात. त्यामुळे ज्याच्या नावावर वस्तू खपते ते द्रव्य तिच्यात नाममात्र आहे की परिणामकारक मात्रेत, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नाही. ज्या द्रव्याचे नाव पाकिटाच्या दर्शनी भागावर मोठ्या अक्षरांत येते, त्याचे प्रमाणही त्याच अक्षरांत छापण्याची सक्ती करण्यास खर्च येत नाही. ‘उजळ’ हा शब्द वापरायचा असेल, तर तुलनेसह केलेली चाचणी दाखविण्याची अट का नसावी? औषधाला जी अट लागते तिचा निदान दहावा हिस्सा चेहऱ्यावर रात्रभर चिकटून राहणाऱ्या वस्तूला लागू करणे अवास्तव नाही.

दुसरी बाजू उपचाराची आहे. डाग थांबवायचे तर मुरूम थांबवावे लागतात, आणि त्यासाठीची बेन्झॉइल परॉक्साइड, अ‍ॅडापॅलिनसारखी औषधे जुनी, तपासलेली आणि माफक किमतीची आहेत. ती कशी लावावी, किती दिवस थांबावे, हे दहा मिनिटांत सांगता येते. पण ती दहा मिनिटे कोणाकडे आहेत? तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्वचेचा डॉक्टर आठवड्यातून एकदा जरी बसला आणि महाविद्यालयांच्या वार्षिक आरोग्य तपासणीत वजन-उंचीबरोबर चेहऱ्याकडेही पाहिले गेले, तरी पुष्कळांचा प्रश्न दुकानापर्यंत जाण्याआधीच मार्गी लागेल. सध्या त्या तपासणीच्या कार्डावर दातांसाठी रकाना असतो, डोळ्यांसाठी असतो. त्वचेसाठी बहुधा नसतो.