आधी रूळ, मग कचेऱ्या

शहर भरभराटीस आले की कचेऱ्यांना जागा अपुरी पडू लागते आणि कारभाऱ्यांपुढे दोन वाटा उभ्या राहतात : जुन्या मध्यवस्तीतच मजल्यांवर मजले चढवावे, की वेशीबाहेर नवी वसाहत उभारावी? मुंबईने एकाच काळात दोन्ही वाटा धरल्या. त्याचे फलित आपण हैदराबादकरांनीही ध्यानी घ्यावे असे आहे.

चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी १९६५ च्या सुमारास खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची योजना मांडली. सरकारी कचेऱ्यांनी प्रथम तिकडे जावे, म्हणजे व्यापारउदीम मागोमाग येईल, अशी अपेक्षा होती. १९७० मध्ये 'सिडको' स्थापन झाली. १९७३ मध्ये वाशीचा पूलही खुला झाला. परंतु सचिवालय, म्हणजे आजचे मंत्रालय, जागचे हलले नाही. उलट त्याच दशकात त्याच्या शेजारी, समुद्रात भर घालून मिळविलेल्या जमिनीवर, नरिमन पॉइंटचे मनोरे चढले. जी गर्दी बाहेर न्यावयाची, तिलाच दक्षिण टोकाचे नवे आमंत्रण मिळाले! मानखुर्दहून वाशीला लोकल पोहोचली ती थेट १९९२ मध्ये. पुलानंतर १९ वर्षांनी.

आपल्याकडे याहून निराळे काय घडले? माधापूरचा 'सायबर टॉवर्स' १९९८ मध्ये उभा राहिला. एमएमटीएसची गाडी त्या बाजूस २००३ मध्ये धावू लागली आणि मेट्रो 'हायटेक सिटी'स पोहोचली २०१९ मध्ये.

वेशीबाहेर जमीन स्वस्त आणि ऐसपैस मिळते, हे नाकारता येणार नाही. मध्यवस्तीचा श्वास मोकळा होतो, हेही खरे. परंतु भाड्यात वाचलेल्या रकमेची भरपाई कोण करतो? काचीगुड्याहून सकाळी निघून दिवेलागणीनंतर परतणारी गृहिणी! तिच्या मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषधपाणी आणि तिची स्वतःची विश्रांती यांतून ते तास वजा होतात. मालकाच्या जमाखर्चात त्यांची नोंद कोठेच नसते.

म्हणून वाचकहो, यापुढे शहराबाहेर नव्या कचेऱ्यांची घोषणा कानी आली, तर इमारत किती मजली असे विचारू नका. तेथवर गाडी केव्हा पोहोचणार, हे आधी विचारा. आणि तारीख मिळेपर्यंत विचारीत राहा.