दारफळणीचा सण: रायगडचे ज्यू या दिवशी दार का लावून घेत?

ज्यूंचा ‘योम किप्पुर’ म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस. रायगडच्या बेने इस्रायल समाजाने त्याला मराठी नाव दिलं, ‘दारफळणीचा सण’. माणगावशेजारच्या रोह्यावरून रोहेकर, पेणवरून पेणकर अशी आडनावं लावणारा हा समाज. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं.

काय करतात?
सुमारे २५ तास अन्नपाणी वर्ज्य. कपडे पांढरे. पूर्वी लोक दार लावून घरातच थांबत, बाहेरच्यांशी संपर्क टाळत. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, म्हणजे दानधर्म आणि गाठीभेटी.

अर्थ काय?
माणसाला दुखावलं असेल, तर फक्त देवाची माफी पुरत नाही. आधी त्या माणसाची मागावी लागते.

आज अडचण कुठे आहे?
सामूहिक प्रार्थनेला परंपरेने किमान १० प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. २०११च्या जनगणनेत देशभरात ज्यू होते अवघे ४,६५०. महाराष्ट्राने २०१६मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. कागदावरची ओळख त्यामुळे पक्की झाली. पण अलिबागच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहावा माणूस कुठलाही सरकारी आदेश आणून देऊ शकत नाही.