कंपनीशाही : शब्दाचा अर्थ आणि आपला हक्क

'कॉर्पोरेटोक्रसी' हा इंग्रजी शब्द अलीकडे सभांतून व वृत्तपत्रांतून वारंवार कानी पडतो. त्याचा नेमका अर्थ काय आणि तो कोठे योजावा, अशी पृच्छा आमच्या काही तरुण वाचकांनी केली आहे. शब्दाचा अर्थ नीट न कळणाऱ्यास त्या शब्दामागचा धोकाही दिसत नाही. म्हणून या पृच्छेचा विचार अग्रलेखातच करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या शब्दाचा अर्थ कंपन्यांचे राज्य असा आहे. त्यास 'कंपनीशाही' हाच मराठी प्रतिशब्द योग्य होय. 'निगमशाही' किंवा 'महामंडळशाही' म्हणू नये. महामंडळ म्हटले की आपल्यासमोर सरकारी संस्था उभी राहते, आणि कॉर्पोरेशन म्हटले की महानगरपालिका. या संस्था कितीही सदोष असल्या तरी त्या जनतेला जबाब देण्यास बांधलेल्या आहेत. येथे अभिप्रेत आहे ती केवळ आपल्या भागधारकांना जबाबदार असणारी खासगी कंपनी. भांडवलशाही आणि कंपनीशाही यांतही भेद आहे. भांडवलशाही ही उत्पादनाची व्यवस्था आहे. कारखानदार गबर असला, तरी कायदा लोकप्रतिनिधी करीत असतील व तो त्यालाही लागू होत असेल, तर तेथे कंपनीशाही नाही. परंतु कायदा कोणता व्हावा आणि कर कोणी द्यावा, हे कंपन्याच ठरवू लागल्या व सरकार नावापुरते उरले, म्हणजे ती कंपनीशाही झाली.

हिंदुस्थानास हा शब्द नवा असेल. अनुभव नवा नाही. १६०० साली इंग्लंडच्या राणीकडून सनद मिळवून व्यापारास निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीने १७६५ साली बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा अधिकार, मिळविला. पुढे १७७० साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला, तरी कंपनीची वसुली सक्तीने चालूच राहिली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि महाराष्ट्रातही लोक 'कंपनी सरकार' म्हणू लागले. १८५८ पर्यंत हे राज्य टिकले. परमपूज्य बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. साठी सादर केलेला प्रबंध याच कंपनीच्या राज्यकारभारावर व अर्थव्यवस्थेवर होता, हे आमच्या किती तरुणांस ठाऊक आहे?

या कंपनीत मत कोणाला होते, हे पाहण्यासारखे आहे. १७७३ च्या कायद्याने एक हजार पौंडांचे भाग धारण करणाऱ्यास एक मत मिळाले, आणि दहा हजारांचे भाग असणाऱ्यास चार. ज्यांच्यावर राज्य चालले त्या रयतेस एकही नाही! लोकशाहीत मत माणसाचे असते. कंपनीत ते पैशाचे असते. कंपनीशाहीचे सारे मर्म येथे आहे.

कोणी म्हणेल, याच कंपनीच्या फौजेत आमचे पूर्वज शिपाई झाले व कोरेगावी त्यांनी पराक्रम गाजविला. त्यांच्या पराक्रमाचा आम्हांस अभिमान आहे. पण कंपनीने त्यांना बंदूक दिली ती आपली गरज म्हणून. हक्क म्हणून नव्हे. पुढे राणीचे राज्य आले आणि १८९० नंतरच्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा दाद मागावयास त्यांच्या हाती अर्ज-विनंतीखेरीज काहीही नव्हते. गरजेने मिळालेली जागा गरज सरताच जाते. हक्काने मिळालेली जागा टिकविण्यासाठी लढता येते.

आता आजचे पाहू. आपल्या संविधानातील बहुतेक मूलभूत हक्क राज्यसंस्थेविरुद्ध मागावयाचे आहेत. आणि राज्यसंस्था कोणती, हे कलम १२ सांगते. अस्पृश्यतेचा निषेध करणारे कलम १७ खासगी माणसासही बांधते, हे खरे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कलम १९ व २१ विषयीही तसेच म्हटले आहे. परंतु नोकरीतील राखीव जागांचे कलम १६ (४) राज्याच्या सेवेपुरतेच आहे. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्या किती वर्षांच्या झगड्यानंतर! ज्या कामाची जागा सरकारी खात्यातून कंत्राटदाराकडे गेली, तेथे तो हक्क पाठोपाठ जात नाही. कायदा पुस्तकात जसाच्या तसा राहतो. तो ज्याला लागू व्हावयाचा तोच दारातून निघून जातो.

कायदा करणाऱ्यांवरही पैशाचा दाब पडू शकतो. कंपनीने राजकीय पक्षास किती देणगी द्यावी, यावर सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. २०१७ साली ती काढली गेली. पुढे निनावी निवडणूक रोखेही आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही घटनाबाह्य ठरविले. पैशाने मताची समता मोडू नये, हे त्या निर्णयामागचे तत्त्व आहे. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत व तशी तरतूद घटनेतच असावी, असे सुचविले होते. राज्याच्या हातून सुटलेली सत्ता हवेत विरत नाही, ती मालकाच्या हाती जाते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून आमच्या वाचकांस आमचे सांगणे असे : हा शब्द शिवीसारखा वापरू नका. प्रत्येक कारखानदारास 'कंपनीशाही' म्हणाल तर खरी कंपनीशाही येईल तेव्हा शब्द उरणार नाही. तीन प्रश्न विचारा. कायदा कोणी केला? त्याचा लाभ कोणाला? चुकीची दाद कोणाकडे मागावयाची? तिसऱ्या प्रश्नास उत्तर नसेल, तेथे सावध व्हा. घरातल्या मुलामुलींना हे प्रश्न विचारावयास शिकवा. कंत्राटावर राबणाऱ्या आपल्या माणसांना संघटनेत आणा, आणि आपले मत विकू नका. कंपनीत गरिबाचे मत नसते; जेथे ते आहे, तेथे तरी ते शाबूत ठेवणे आपल्याच हाती आहे.