धागा : रांग नेमकी कोणासाठी होती? अमेरिकेतील ‘कागद नसलेले’ विद्यार्थी

‘आमचे पूर्वज रीतसर रांगेत उभे राहून आले, तुम्हीही तसेच या.’ अमेरिकेतील कागदपत्रांविना वाढलेल्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेले. हल्ली ते मराठीतही ऐकू येते, बहुधा एच-वन-बी व्हिसावर तिकडे गेलेल्या नातलगांच्या तोंडून. हे वाक्य इतिहास म्हणून खोटे आहे, आणि त्या खोटेपणाची किंमत आज अठरा वर्षांची मुले महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जावर मोजत आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी त्या रांगेकडेच पाहू. पहिल्या महायुद्धापूर्वी युरोपातून अमेरिकेत जाणाऱ्याला व्हिसा लागत नसे. एलिस बेटावर उतरलेल्यांपैकी सुमारे २ टक्केच माणसे परत पाठवली गेली. रोगराई नसावी, माणूस सरकारवर भार होईल असे दिसू नये, असल्या काही अटी पार केल्या की झाले. दार बंद होते ते इतरांना. १७९० च्या कायद्याने नागरिकत्वाची वाट फक्त ‘मुक्त गोऱ्या’ माणसाला मोकळी ठेवली होती. १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना सांगितले, की सर्वसामान्य माणूस ज्याला ‘गोरा’ म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झालेले गृहस्थ. त्यांच्या निकालानंतर अनेक भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही काढून घेण्यात आले. ‘रांगेत उभे राहा’ म्हणणाऱ्या आपल्या नातलगांनी हा निकाल एकदा तरी वाचावा.

१९२४ चा कायदा युरोपलाही वाटा ठरवून देतो, पण कसा? १८९० च्या जनगणनेत ज्या देशाचे जितके लोक, त्याच्या २ टक्के. जनगणना मुद्दाम जुनी निवडली होती, कारण इटली, पोलंड, रशिया इथल्यांचे मोठे लोंढे १८९० नंतरचे. तरीही इटालियन, पोलिश माणसे येतच राहिली; कॅनडातून, मेक्सिकोतून, जहाजावरून गुपचूप उतरून. म्हणजे कागद नसलेले गोरे लोक अमेरिकेत भरपूर होते. त्यांचे पुढे काय झाले, हे समजण्यासाठी १९२९ च्या मार्च महिन्याकडे यावे लागते.

२ मार्च १९२९ : ‘रजिस्ट्री’ कायदा. ३ जून १९२१ पूर्वी आलेल्या, आगमनाची नोंद नसलेल्या आणि वर्तन चांगले असलेल्या माणसाला शुल्क भरून कायम वास्तव्याची नोंद करता येईल. लाभ घेणारे बहुसंख्य लोक युरोपीय आणि कॅनेडियन होते.

४ मार्च १९२९ : विनापरवाना सीमा ओलांडणे हा फौजदारी गुन्हा ठरला, हद्दपार होऊन परत येणे हा त्याहून मोठा गुन्हा. पुरस्कर्ते दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर कोलमन ब्लीझ, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचे उघड समर्थन करणारे गृहस्थ. कायद्याचा रोख मेक्सिकन मजुरांवर होता आणि खटलेही प्रामुख्याने त्यांच्यावरच चालले.

दोन कायद्यांत दोन दिवसांचे अंतर. एकाने एका वर्णाच्या माणसांची कागदातली त्रुटी दुरुस्त केली, दुसऱ्याने दुसऱ्या वर्णाच्या माणसांना गुन्हेगार केले. मे न्गाई यांच्या ‘इम्पॉसिबल सब्जेक्ट्स’ या २००४ च्या ग्रंथात या कालखंडाची सविस्तर मांडणी आहे. एखाद्याच्या आजोबांचे ‘रीतसर येणे’ कित्येकदा असे मागाहून रीतसर झालेले असते.

पुढचा भाग थोडक्यात. १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ योजनेखाली मेक्सिकन मजूर करारावर बोलावले गेले. मग योजना बंद झाली. १९६५ च्या, एरवी उदारमतवादी म्हणून गौरवल्या जाणाऱ्या, कायद्याने पश्चिम गोलार्धावर प्रथमच एकूण मर्यादा घातली आणि १९७६ मध्ये मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला २० हजार व्हिसा आले. शेते तीच, मालक तेच, मजूरही तेच. कागद तेवढा गेला.

आता मुलांकडे येऊ. १९७५ मध्ये टेक्सासने कायदा केला : रीतसर प्रवेश नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी राज्याचा निधी मिळणार नाही आणि शाळा त्यांना प्रवेशही नाकारू शकतील. टायलर गावच्या शाळामंडळाने अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर मागितले. शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबाकडे ते कुठून येणार? पालक न्यायालयात गेले. १५ जून १९८२ रोजी ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. न्यायमूर्ती ब्रेनन यांचा युक्तिवाद असा, की आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देणे न्यायाला धरून नाही, आणि अशाने देशात निरक्षरांचा कायमचा खालचा थर तयार होईल.

पण हे संरक्षण बारावीपर्यंतच. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर तेही संपते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्टो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिस परिसरातील दीडशे तरुणांचा १२ वर्षे मागोवा घेतला. वाहनपरवाना, पहिली नोकरी किंवा महाविद्यालयाचा अर्ज समोर येईपर्यंत आपण ‘बेकायदा’ आहोत याचा खरा अर्थ अनेकांना उमगलेलाच नव्हता. केंद्राची शिष्यवृत्ती नाही, केंद्राचे शैक्षणिक कर्ज नाही. १९९६ च्या कायद्याने राज्यातील रहिवाशांच्या सवलतीच्या शुल्कावरही अट घातली. टेक्सासने २००१ मध्ये त्यातून वाट काढली : राज्यातल्या शाळेत शिकून उत्तीर्ण झालेल्याला स्थानिक शुल्क. सही करणारे राज्यपाल होते रिपब्लिकन पक्षाचे रिक पेरी. ४ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला, राज्य सरकारने त्याच दिवशी मान तुकवली आणि न्यायाधीशांनी त्याच दिवशी कायदा थांबवला. २४ वर्षे चाललेली तरतूद काही तासांत गेली, ज्यांचे शिक्षण त्यावर चालू होते त्यांना बाजू मांडायची संधीही न देता.

‘यात वंश कुठून आला?’ असा प्रश्न येईलच. उत्तरासाठी जॉर्जियाला जावे. जानेवारी १९६१ मध्ये शार्लेन हंटर आणि हॅमिल्टन होम्स हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या आदेशाने जॉर्जिया विद्यापीठात दाखल झाले. हंटर यांच्या वसतिगृहाबाहेर दंगल झाली आणि ‘सुरक्षिततेसाठी’ निलंबित कोणाला केले? त्या दोघांना! राज्याचा कायदा त्या वेळी असा होता, की मिश्र प्रवेश देणाऱ्या संस्थेचा निधी बंद करायचा. हत्यार ओळखीचे वाटते ना? टेक्सासने चौदा वर्षांनी तेच उपसले.

२००१ मध्ये विद्यापीठाने आपल्या एका मुख्य इमारतीला होम्स-हंटर हे नाव दिले. २०१० मध्ये राज्याच्या विद्यापीठ मंडळाने ठराव केला, की जिथे पात्र अर्जदारांनाही जागेअभावी परतावे लागते अशा संस्थांत कागद नसलेल्यांना प्रवेश नाही. पाच संस्था या नियमात आल्या. जॉर्जिया विद्यापीठ त्यांपैकी एक. म्हणजे फलक भिंतीवर आणि बंदी कार्यालयात. २०११ मध्ये तिथल्याच काही प्राध्यापकांनी अथेन्समध्ये ‘फ्रीडम युनिव्हर्सिटी’ सुरू केली आणि बंदी घातलेल्या मुलांना विनामूल्य शिकवायला घेतले. हे नाव १९६४ मधल्या मिसिसिपीतील ‘फ्रीडम स्कूल्स’ची आठवण ठेवून आहे. ते उसने घेतलेले नाही. नात्याने आलेले आहे.

१५ जून २०१२ रोजी, प्लायलर निकालाला बरोबर ३० वर्षे होताना, ओबामा प्रशासनाने ‘डाका’ जाहीर केले : हद्दपारीला तात्पुरती स्थगिती आणि कामाचा परवाना. सुमारे ८ लाख तरुणांना त्याचा लाभ झाला. मात्र १५ जून २००७ पासून अखंड वास्तव्य ही अट आहे. २००७ च्या उत्तरार्धात जन्मलेले मूल आज महाविद्यालयाच्या वयाचे झाले. त्याच्यासाठी ‘डाका’ अस्तित्वातच नाही.

आणि ‘डाका’ची आणखी एक अट : २०१२ च्या त्या दिवशी अर्जदाराकडे कोणताही कायदेशीर दर्जा नसावा. आईवडिलांच्या व्हिसावर रीतसर आलेली भारतीय मुले यामुळे बाहेर राहिली. ग्रीनकार्डमध्ये कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा नसल्याने भारतीयांची प्रतीक्षा दशकांची झाली आहे. एकविसाव्या वर्षी मुलाचा अवलंबित व्हिसा संपतो. मग विद्यार्थी व्हिसा मिळवून परदेशी विद्यार्थ्याच्या दराने शुल्क भरायचे, नाही तर ज्या देशात आपण वाढलोच नाही तिथे परतायचे. न्यू जर्सीतल्या कित्येक मराठी घरांत ही तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करून ठेवलेली असेल. ही मुले रांगेत उभी होतीच.