बॉलला भोकं पाडण्याआधी...

बोलिंगचा नवा बॉल कोरा मिळतो, असं आमच्या भिवंडीत सांगितलं की लोक चमकतात. साहजिकच आहे. मॉलमधल्या रॅकवरच्या बॉलला तीन भोकं आधीच पाडलेली असतात, बोटं घाला आणि फेका! पण स्वतःचा बॉल घेतला की भोकं आपल्या हाताच्या मापाने पाडून घ्यायची. ती बॉलवर नेमकी कुठे पाडायची, त्या आखणीला म्हणतात लेआउट. आमचा एक भाचा पहिल्या पगारातून बॉल घेतोय आणि सध्या त्याला एकच प्रश्न पडलाय : कुठल्या चॅम्पियनचा लेआउट घेऊ?

माझं मत विचाराल तर, कोणाचाच नको.

आता जरा तांत्रिक, पण थोडक्यात. चांगल्या बॉलच्या पोटात एक वेडावाकडा जड गाभा असतो. त्याचं डोकं कुठे आहे हे वरच्या छोट्या रंगीत ठिपक्यावरून कळतं. त्या ठिपक्याला 'पिन' म्हणतात (समोर उभ्या असतात त्या दहा पिना वेगळ्या). दुसरा बिंदू मात्र बॉलवर छापलेला नसतो, तो आपल्या हातातून येतो. बॉल सुटताना ज्या आसाभोवती फिरतो, त्या आसाचं बॉलवरचं टोक म्हणजे हा बिंदू, पॉझिटिव्ह ॲक्सिस पॉइंट. बॉलचा घेर सुमारे 27 इंच, म्हणून या दोन बिंदूंतलं अंतर शून्य ते पावणेसात इंच धरतात. बरोबर मधोमध, म्हणजे 3.375 इंचावर, पिन ठेवली की बॉल फिरताना सर्वात जास्त डोलतो. मग प्रत्येक फेऱ्यात त्याचा नवा, तेल न लागलेला भाग लेनला टेकतो आणि पकड वाढते. दोन्ही टोकांकडे गेलं की हे डोलणं कमी होत जातं. याशिवाय दोन कोन असतात. बॉल कधी वळायला लागेल आणि किती झटक्यात वळेल, हे त्यांच्यावर ठरतं. मो पिनेल या अमेरिकन इंजिनिअरची 'ड्युअल अँगल' पद्धत ती हीच.

म्हणजे बघा, सगळा हिशोब त्या दुसऱ्या बिंदूपासून, आणि तो प्रत्येकाचा निराळा! जेसन बेलमोंटी दोन हातांनी फेकतो, अंगठा भोकात घालतच नाही. त्याचे आकडे एका हाताने फेकणाऱ्या नवशिक्याच्या काय कामाचे? आमच्याकडे यंत्रमागाचा जॉबर सूत बघून माग लावतो, शेजारच्या कारखान्यातला माग बघून नाही. हेही तसंच.

त्यात पहिल्या बॉलची एक गंमत आहे. रॅकवरच्या बॉलमध्ये बोटं दुसऱ्या पेरापर्यंत जातात. स्वतःचा बॉल बहुतेक जण 'फिंगरटिप' पकडीचा करतात, त्यात ती पहिल्या पेरापर्यंतच जातात. पकड बदलली की बॉल सुटायची पद्धत बदलते, आणि तो बिंदूही सरकतो. आज मोजलेला आकडा सहा महिन्यांनी तसाच राहील याची खात्री नाही. मग अर्ध्या इंचासाठी रात्री जागवायच्या कशाला? पिन त्या बिंदूपासून चार ते पाच इंचांवर, कोन मध्यम. पुरे.

तो सगळा जीव मापावर खर्च करा. अंगठा आणि बोटांमधलं अंतर जास्त झालं की हात ताणला जातो, कमी झालं की बॉल सुटू नये म्हणून तो आवळून धरावा लागतो. मग अंगठा सोलतो, मनगट धरतं, आणि दोन महिन्यांत तो महागाचा बॉल पलंगाखाली जातो. मापानंतर नंबर पृष्ठभागाचा. तो पॅडने घासून खरखरीत किंवा गुळगुळीत करता येतो, पुन्हा पुन्हा. भोकंही बुजवून परत पाडता येतात, पण पुन्हा पैसे मोजून.

आणखी एक. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत तोल साधायला एक जादा भोक सुचवलेलं असतं. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार 1 ऑगस्ट 2020 पासून ते चालत नाही. अंगठ्याचं भोक पाडून अंगठा वापरला नाही, तरी ते जादाच धरतात. तेव्हा लेखाची तारीख बघा!

लेआउटला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. ज्याच्या बॅगेत पाच-सहा बॉल आहेत, त्याला त्यातला प्रत्येक वेगळा वळायला हवा असतो. तिथे लेआउटची खरी मजा. पण ज्याच्याकडे एकच आहे, त्याने ड्रिलवाल्यासमोर चॅम्पियनचा कागद ठेवू नये, आपला हात ठेवावा. निवांत मोजून घ्यावा, घाई करू नये.